टिप कशी द्यावी आणि पगार कसा तपासावा: इंदूरच्या हॉटेलांत जेवणाऱ्यांसाठी व ती चालवणाऱ्यांसाठी

बिल चुकते करून उठताना वाढणाऱ्याच्या हातावर चार पैसे ठेवावेत, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. किती ठेवावेत याची चर्चा घराघरांत होते. मात्र ठेवलेले पैसे पुढे कोणाच्या खिशात जातात आणि ज्याला ते दिले त्याला महिन्याकाठी पगार किती मिळतो, हे सहसा कोणी विचारत नाही. इंदूरसारख्या खवय्यांच्या शहरात, जिथे सकाळच्या पोहे-जलेबीपासून मध्यरात्र उलटेपर्यंत चालणाऱ्या सराफ्याच्या खाऊगल्लीपर्यंत बाहेर खाणे हा रोजच्या जगण्याचा भाग आहे, तिथे हा प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपल्यावर जरा जास्तच येते, असे मला मनापासून वाटते. टिप योग्य हातात कशी पोहोचवावी आणि तिने पगाराची जागा घेऊ नये यासाठी गिऱ्हाइकाने, मालकाने आणि स्वतः कामगाराने काय करावे, हे पुढे सांगितले आहे.

आधी बिल नीट वाचावे

टिपचा विचार करण्यापूर्वी बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ अशी ओळ आहे का, ते पाहावे. हा सरकारी कर नाही. हॉटेलने स्वतः लावलेला तो आकार असतो आणि हॉटेलच्याच खात्यात जमा होतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 रोजी काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार कोणत्याही हॉटेलला हा चार्ज बिलात आपोआप जोडता येत नाही, दुसऱ्या नावाने वसूल करता येत नाही, आणि तो देण्यास नकार दिला म्हणून गिऱ्हाइकाला प्रवेश किंवा सेवा नाकारता येत नाही. हॉटेलमालकांच्या संघटनांनी या सूचनांना आव्हान दिले होते. दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 रोजी त्या याचिका फेटाळल्या आणि सूचना कायम ठेवल्या. पुढे त्या निकालावर अपीलही झाले.

प्रत्यक्ष हिशेब मांडून पाहिला की ही ओळ किती महाग पडते ते कळते. समजा जेवणाचे 1,000 रुपये झाले. साध्या रेस्टॉरंटमध्ये त्यावर 5 टक्के जीएसटी, म्हणजे अडीच टक्के केंद्राचा आणि अडीच टक्के राज्याचा, धरून बिल 1,050 रुपये व्हायला हवे. त्यात 10 टक्के सर्व्हिस चार्ज मिसळला की 1,100 रुपयांवर कर लागतो आणि बिल 1,155 रुपयांचे होते. आपण 105 रुपये जास्त मोजले. त्यांपैकी 5 रुपये करात गेले, 100 रुपये मालकाकडे गेले, आणि ज्याने पाण्याचा जग चार वेळा भरून आणला त्याला त्यातून काय मिळाले हे बिलावर कुठेच लिहिलेले नसते. सर्व्हिस चार्ज जेवणाच्या रकमेत मिळवून एकूण रकमेवर जीएसटी लावणे हेदेखील वरील सूचनांना धरून नाही.

अशा वेळी वेटरशी वाद घालू नये, कारण बिलातली ओळ काढण्याचा अधिकार त्याच्याकडे नसतो आणि बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात. मॅनेजरला बोलावून, शांतपणे, हा चार्ज वगळून बिल पुन्हा छापून द्यावे, असे सांगावे. त्याने नकार दिलाच तर बिलाचा फोटो काढून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जिल्हाधिकाऱ्यांकडेही ती करता येते.

चार्ज काढायला लावला तर वेटरचेच नुकसान होईल, अशी शंका पुष्कळांना येते, आणि ती चांगल्या मनातून आलेली असते. तिचे उत्तर मॅनेजरकडूनच मिळवावे. ही रक्कम कर्मचाऱ्यांत कशी वाटली जाते, असे विचारावे. त्याने वाटपाची पद्धत स्पष्ट सांगितली आणि वेटरनेही तिला दुजोरा दिला, तर चार्ज खुशाल द्यावा. उत्तर गुळमुळीत मिळाले तर तो काढून घ्यावा आणि तेवढेच पैसे स्वतःच्या हाताने वाढणाऱ्याला द्यावेत. वाचलेले शंभर रुपये खिशात टाकून निघून जाणे मात्र बरे नाही.

किती द्यावी, आणि कोणाच्या हातात

बसून जेवण्याच्या हॉटेलात बिलाच्या 5 ते 10 टक्के टिप योग्य आहे, असे माझे मत आहे. राजवाड्याच्या आसपासच्या थाळीच्या भोजनालयात टक्केवारी काढत बसू नये. तिथे बिल लहान आणि वाढणाऱ्याची धावपळ मोठी असते, म्हणून चौघांच्या कुटुंबाने चाळीस-पन्नास रुपये द्यावेत. छप्पन दुकान या खाऊगल्लीसारख्या ठिकाणी, जिथे आपण काउंटरवर पैसे देऊन प्लेट स्वतः उचलतो, टिपची अपेक्षा नसते. द्यायचीच असेल तर टेबले पुसणाऱ्या आणि उष्ट्या प्लेटा उचलणाऱ्या माणसाला द्यावी, कारण या शहराच्या स्वच्छतेचे कौतुक होते तेव्हा ते त्याच्याही वाट्याचे असते.

रकमेपेक्षा देण्याची पद्धत महत्त्वाची आहे. बडीशेपेच्या वाटीबरोबर येणाऱ्या बिलाच्या फोल्डरमध्ये नोट ठेवून उठणे सर्वांत सोपे, पण तो फोल्डर बहुधा थेट गल्ल्यावर जातो. माझ्या नेहमीच्या एका भोजनालयात मी एकदा उठायला वेळ लावला म्हणून हे जवळून पाहिले. पन्नाशीच्या एका वेटरने फोल्डर गल्ल्यावर नेऊन दिला, गल्ल्यावरच्या माणसाने बिलाचे पैसे एका कप्प्यात आणि वरची शंभराची नोट दुसऱ्या कप्प्यात टाकली, आणि वेटर रिकामा फोल्डर घेऊन पुढच्या टेबलाकडे गेला. बाहेर पडताना मी त्याला विचारले, तेव्हा त्याने सांगितले की हे पैसे महिन्याच्या शेवटी वाटतात असे म्हणतात, पण फुटलेल्या काचेचे आणि न देता निघून गेलेल्या गिऱ्हाइकांच्या बिलाचे पैसे आधी त्यातूनच वजा होतात. तेव्हापासून मी टिप हातात देतो आणि देताना ‘हे तुमच्यासाठी’ एवढे स्पष्ट म्हणतो.

क्यूआर कोडने पैसे देणाऱ्यांनी विशेष जपावे. टेबलावरचा कोड मालकाच्या खात्याचा असतो; त्यावर बिलापेक्षा पन्नास रुपये जास्त पाठवले तर ते मालकाला मिळाले, वेटरला नाही. वेटरकडे स्वतःचा कोड असेल आणि हॉटेलचा त्याला विरोध नसेल तर त्यावर द्यावे. नसेल तर पाकिटात दहा, वीस आणि पन्नासच्या काही नोटा ठेवण्याची सवय लावावी.

अमेरिकेत मुलाकडे किंवा मुलीकडे राहून आलेले ज्येष्ठ कधीकधी तिथला 18-20 टक्क्यांचा रिवाज इथे आणू पाहतात, तर कधी त्या रिवाजाचा राग इथल्या वेटरवर काढतात. तिथला कायदाच वेगळा आहे, हे त्यांनी ध्यानात घ्यावे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे किमान वेतन 2009 पासून तासाला 7.25 डॉलर आहे, पण टिप मिळवणाऱ्या कामगाराला मालकाने रोख केवळ 2.13 डॉलर दिले तरी चालतात; हा आकडा 1991 पासून बदललेला नाही. उरलेली भर टिपने घालायची असते आणि ती कमी पडली तरच मालकाने भरून द्यायची असते. कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी ही सवलत काढून टाकली आहे. म्हणजे तिथे पुष्कळ ठिकाणी गिऱ्हाईक टिपच्या रूपाने पगारच देत असते. भारतीय कायद्यात अशी वजावट नाही. वेटरला टिप मिळो वा न मिळो, किमान वेतन मालकाने पूर्ण द्यायचे असते, आणि ‘टिप मिळते ना, मग पगार कमीच’ हे वाक्य आपल्याकडे कितीही ऐकू येत असले तरी ते कायद्याला धरून नाही.

ब्रिटनने दुसरी बाजू पकडली आहे. तिथे 1 ऑक्टोबर 2024 पासून गिऱ्हाइकाने दिलेली टिप आणि सर्व्हिस चार्ज यांची पूर्ण रक्कम कामगारांपर्यंत पोहोचवणे मालकावर बंधनकारक आहे. आपल्याकडे असा स्वतंत्र कायदा नसल्यामुळे हातात देण्याचे महत्त्व अधिक.

एके ठिकाणी मात्र टिप देऊन समाधान मानू नये. चहाच्या टपरीवर, ढाब्यावर किंवा रात्रीच्या एखाद्या ठेल्यावर चौदा वर्षांखालचे मूल कपबशा धुताना दिसले, तर त्याच्या हातावर दहा रुपये ठेवल्याने त्याचे भले होत नाही. ढाबे आणि हॉटेलांत मुलांना कामाला ठेवण्यावर 10 ऑक्टोबर 2006 पासून बंदी आहे, आणि 2016 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना जवळजवळ सर्वच कामांवर ठेवणे गुन्हा ठरले. अशा वेळी चाइल्डलाइनच्या 1098 या क्रमांकावर कळवावे.

मुंज, लग्न आणि केटररची माणसे

आपल्या कार्यांत पंगतीपेक्षा आता बुफेच जास्त असतो, आणि मॅरेज गार्डनमध्ये राबणारी माणसे बहुतेक रोजंदारीवर आणलेली असतात. केटररला किंवा त्याच्या सुपरवायझरला शेवटी एक मोठी बक्षिसी देऊन आपण मोकळे होतो. ती भट्टीवरच्या कारीगरापर्यंत, पुऱ्या लाटणाऱ्या बायकांपर्यंत आणि मागे हौदाशी भांडी घासणाऱ्यांपर्यंत पोहोचते की नाही, ते पाहायला कोणी जात नाही. त्यासाठी ठेका ठरवतानाच केटररकडून दोन गोष्टी विचारून घ्याव्यात: किती माणसे येणार आणि प्रत्येकाला दिवसाचे किती मिळणार. तेवढी पाकिटे आदल्या दिवशीच तयार ठेवावीत, आणि जेवणे आटोपल्यावर घरातल्या जबाबदार माणसाने, शक्यतो ज्याच्या कार्यात ती राबली त्या यजमानांनीच, स्वयंपाकाच्या जागी जाऊन ती हातोहात द्यावीत. रात्री अकरा-बारा वाजता काम संपवणाऱ्या बायका घरी कशा जाणार, हेही आधीच ठरवून घ्यावे. त्यांच्यासाठी गाडी सांगण्याचा खर्च कार्याच्या एकूण खर्चात फार मोठा नसतो.

मालकांनी टिपची पेटी कशी चालवावी

इंदूरमध्ये भोजनालये आणि खानावळी चालवणारी मराठी कुटुंबे आहेत, हे त्यांच्यासाठी. टिप ज्याला मिळाली त्यानेच ठेवावी, हा नियम वरवर न्याय्य दिसतो, परंतु त्यात गिऱ्हाइकाला न दिसणारा आचारी आणि भांडी घासणारा कोरडाच राहतो. एकत्र पेटी ठेवून वाटा ठरवणे अधिक चांगले, मात्र नियम आधी लिहून, सर्वांना वाचून दाखवून, भिंतीवर लावलेले असावेत. उदाहरणार्थ, चार वेटरांना प्रत्येकी 2 वाटे, दोन कारीगरांना दीड-दीड, भांडी घासणाऱ्या दोघींना आणि टेबले पुसणाऱ्या दोघांना एकेक असे ठरवले, तर एकूण 15 वाटे होतात. आठवड्याच्या शेवटी पेटीत 3,000 रुपये निघाले तर एक वाटा 200 रुपयांचा. वेटरला 400, कारीगराला 300 आणि बाकीच्यांना 200 रुपये मिळतात. पेटी सर्वांसमोर उघडावी, रक्कम वहीत लिहावी आणि ज्याने त्याने सही करावी. मालकाने, त्याच्या घरच्यांनी आणि मॅनेजरने या पेटीतून काहीही घेऊ नये. फुटलेल्या कपबशांचा भुर्दंडही तिच्यावर टाकू नये. तो धंद्याचा खर्च आहे.

कार्डाने दिलेली टिप हॉटेलच्या खात्यात येत असल्यामुळे तिच्या कराबद्दल शंका विचारली जाते. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये स्पष्ट केले आहे की अशा प्रकारे जमा होऊन कर्मचाऱ्यांना वाटलेली टिप हा मालकाने दिलेला पगार ठरत नाही, त्यामुळे पगार म्हणून तिच्यावर टीडीएस, म्हणजे पगार देतानाच कापला जाणारा आयकर, कापण्याचा प्रश्न येत नाही. मालक तो पैसा केवळ विश्वासाने सांभाळतो.

पगार पुरेसा आहे का, हे कसे पाहावे

किमान वेतन कायदा 1948 साली झाला. आता त्याची जागा वेतन संहिता 2019 हिने घेतली आहे आणि ती 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. मध्य प्रदेशात 1 एप्रिल 2024 पासून ठरवलेल्या दरांनुसार महिन्याचे किमान वेतन अकुशल कामगारासाठी 11,800, अर्धकुशलासाठी 12,796, कुशलासाठी 14,519 आणि उच्चकुशलासाठी 16,144 रुपये होते. उद्योजकांच्या आव्हानामुळे उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने दिलेल्या स्थगितीत हे दर काही महिने अडकले होते. स्थगिती उठल्यावर ते पुन्हा लागू झाले. महागाई भत्ता दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये बदलतो, म्हणून चालू आकडा श्रमायुक्त कार्यालयाच्या ताज्या आदेशात पाहावा. पुढचा हिशेब मी 11,800 धरूनच मांडतो, कारण पद्धत समजली की आकडा बदलून घेता येतो.

महिन्याच्या 26 कामाच्या दिवसांनी भागले की दिवसाचे सुमारे 454 रुपये होतात, आणि आठ तासांनी भागले की तासाचे सुमारे 57. आठ तासांच्या वरच्या कामाला दुप्पट दर द्यावा लागतो. आता हॉटेलात सकाळी अकराला येऊन रात्री अकराला जाणाऱ्या माणसाचा विचार करावा. त्याचे चार तास जास्तीचे झाले, आणि दुप्पट दराने चार तास म्हणजे साध्या दराने आठ तास, अर्थात आणखी एक पूर्ण दिवस. रोज असे बारा तास राबणाऱ्या अकुशल कामगाराची महिन्याची रक्कम 11,800 नव्हे, तर 23,600 होते. इतके तास रोज कामाला लावणे मुळात योग्य नाही, आणि जास्तीच्या तासांवर कायद्याची मर्यादाही आहे. परंतु ‘बारा हजार देतो, किमान वेतनाच्या वरच आहे’ असे सांगणाऱ्याला हा हिशेब मांडून दाखवणे आवश्यक आहे. मधली दुपारची विश्रांती खरोखर मिळत असेल, माणूस पडून राहू शकत असेल, तर ते तास वगळावेत. दुपारी तीनला ‘जरा आराम कर’ म्हणून चारला लसूण सोलायला बसवत असतील तर ती विश्रांती नव्हे.

जेवण आणि झोपायला जागा देतो, हे दुसरे नेहमीचे कारण. झाबुआ-अलीराजपूरहून किंवा निमाडातून आलेल्या तरुणाला या सोयीची खरोखर गरज असते, हे मान्य केले पाहिजे. तरीही वस्तूंच्या रूपाने दिलेल्या मोबदल्यापैकी एकूण वेतनाच्या फार तर 15 टक्केच वेतनात धरता येतात, त्यामुळे जेवणाच्या नावाखाली अर्धा पगार दाबून ठेवता येत नाही. दंडही एका पगाराच्या काळात 3 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही, आणि नुकसानभरपाई कापायची तर ती वस्तू त्या माणसाच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असली पाहिजे, नुकसान त्याच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे व त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे. पैसे न देता पळालेल्या गिऱ्हाइकाचे बिल वेटरच्या पगारातून वळते करणे यात कुठेच बसत नाही.

लहान मालकाची अडचण मला कळते. तेल, गॅस आणि भाडे यांतून त्याच्या हातात फार उरत नाही. म्हणूनच त्याने आकडा मांडून पाहावा. समजा पाच माणसांना प्रत्येकी चार हजार रुपये कमी दिले जात आहेत. ते पुरे करायला महिन्याला 20,000 रुपये लागतील. भोजनालयात रोज शंभर थाळ्या जात असतील तर महिन्याच्या 3,000 थाळ्या झाल्या, आणि प्रत्येक थाळीमागे सुमारे सात रुपये वाढवले की ही रक्कम उभी राहते. इथे चेंडू गिऱ्हाइकाकडे येतो. वीस रुपयांची टिप आनंदाने देणारे आपण, थाळी सात रुपयांनी महागली की लगेच दुसरे भोजनालय शोधतो. टिप देण्यात आपली उदारता दिसते आणि वाढलेला भाव देण्यात ती दिसत नाही, हे खरे आहे. पण त्या वीस रुपयांपेक्षा हे सात रुपये कामगाराच्या घरात अधिक भरवशाने जातात, कारण ते गर्दी नसलेल्या मंगळवारीही मिळतात, आजारपणाच्या रजेतही मोजले जातात आणि भविष्य निर्वाह निधीच्या (पीएफ) हिशेबातही धरले जातात. म्हणून मालकाने भाव वाढवताना कारण काउंटरवर लिहून लावावे, आणि आपण ते वाचून तिथेच जेवावे.

कामगाराने काय जवळ ठेवावे, आणि कुठे जावे

ओळखीचा वेटर किंवा शेजारी राहणारा कारीगर विचारायला आला, तर त्याला सर्वप्रथम हजेरीची स्वतःची नोंद ठेवायला सांगावे: रोज आल्याची आणि गेल्याची वेळ, खाडे, घेतलेली उचल आणि हातात मिळालेले पैसे. साध्या वहीत लिहिले तरी चालेल. मोबाइलवर हॉटेलच्या घड्याळासह काढलेला फोटो त्याहून चांगला. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत मिळाला पाहिजे, आणि काम सोडले किंवा काढून टाकले तर दोन कामकाजी दिवसांत हिशेब चुकता झाला पाहिजे. उचल फिटेपर्यंत सोडणार नाही, म्हणून आधार कार्ड किंवा आधीचा पगार अडवून ठेवण्याचा अधिकार कोणालाही नाही. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी वर्षात तीस दिवस तरी काम केलेल्या आणि वेतनमर्यादेत बसणाऱ्या कामगाराला निदान 8.33 टक्के बोनस मिळतो. दिवाळीला दिलेला मिठाईचा डबा त्यात धरला जात नाही.

आधी मालकाशी बोलावे, शक्य तर दोघा-तिघांनी मिळून. बोलण्यातून मार्ग निघाला नाही तर महात्मा गांधी मार्गावरच्या मोती बंगल्यातील श्रम कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पोचपावती घ्यावी. राज्याचे श्रमायुक्त कार्यालयही तिथेच असल्याने इंदूरच्या कामगाराला त्यासाठी भोपाळला जावे लागत नाही. मुख्यमंत्री हेल्पलाइनचा 181 हा क्रमांकही चालतो. थकलेल्या वेतनाचा दावा तीन वर्षांच्या आत करता येतो, त्यामुळे नोकरी टिकवण्यासाठी आज गप्प बसलेल्या माणसाचा हक्क उद्या संपत नाही. वही मात्र जपून ठेवली पाहिजे.

शेवटची तपासणी कर्मचारी राज्य विमा योजनेची. दहा किंवा अधिक माणसे असलेल्या हॉटेलात 21,000 रुपयांपर्यंत पगार असणाऱ्याचे 0.75 टक्के आणि मालकाचे 3.25 टक्के या योजनेत भरले जातात, आणि त्याच्या कुटुंबालाही नंदा नगरच्या रुग्णालयात उपचार मिळतात. पगारातून ही रक्कम कापली जाते पण विमा क्रमांक कधी हातात मिळालेला नाही, असे कोणी सांगितले, तर त्याला त्याच आठवड्यात वेतनचिठ्ठीची प्रत घेऊन विमा महामंडळाच्या शाखेत पाठवावे, आणि वाचता-लिहिता येत नसेल तर त्याच्याबरोबर जावे.